विहिरीत टांगलेला संत

काळजीनं जीव टांगणीला लागला की आपल्याकडे माणूस देव पाण्यात घालून बसतो. आता हा बहुतेक वाक्प्रचारच उरलाय. निवडणुकीचे उमेदवार आणि दहावीच्या मुलांचे आईबाप यांच्यापुरता. पण त्यामागची प्रथा खरी होती. देव्हाऱ्यातली मूर्ती उचलायची, पाण्यात बुडवायची आणि काम होईपर्यंत तिथंच ठेवायची. त्यात श्रद्धा किती आणि धाक किती, याचा हिशेब कुणी केला नाही.

पोर्तुगालमध्ये आणि तिथून ब्राझीलमध्ये लग्न न जमणाऱ्या मुली संत आंतोनीला हीच वागणूक देत आल्या. मूर्ती उलटी टांगायची, दोरीला बांधून विहिरीत सोडायची, तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभी करायची. आंतोनीच्या हातात बाळ येशू असतो. काही जणी ते बाळच काढून घेत. नवरा मिळवून दे, मग तुझं लेकरू परत. मूर्ती घडवताना बाळ वेगळं करता येईल असंच बसवलेलं असे, त्यामुळे ओलीस ठेवणं सोपं जाई.

ज्याला ही शिक्षा, तो माणूस कोण होता? तेराव्या शतकातला लॅटिन पंडित. बायबल त्याच्या इतकं ओठावर की पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला ‘कराराचा कोश’ म्हटलं. फ्रान्सिस्कन बंधूंना धर्मशास्त्र शिकवणारा त्यांचा पहिला अध्यापक, सावकारांवर तुटून पडणारा वक्ता. 1946 साली पोप बारावे पायस यांनी त्याला चर्चच्या आचार्यांमध्ये बसवलं. त्या सन्मानाची आठवण आज अभ्यासकांना असते. बाकीचं जग त्याला हरवलेल्या किल्ल्या शोधायला लावतं.

त्याचं मूळ नाव फर्नांदो. जन्म 1195च्या सुमारास, लिस्बनच्या कॅथेड्रलजवळच्या एका खानदानी घरात. लिस्बन शहर मूर राजवटीकडून ख्रिस्ती राजाकडे येऊन तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. पंधराएक वर्षांचा असताना तो तिथल्याच ऑगस्टिनियन मठात गेला, पण घर जवळ आणि भेटायला येणारे मित्र फार. दोन वर्षांत त्यानं स्वतःच कोइंब्राच्या सांता क्रूझ मठात बदली मागून घेतली. कोइंब्रा त्या काळी राजधानी होती आणि त्या मठाचा ग्रंथसंग्रह मोठा. तिथल्या आठ-नऊ वर्षांत त्यानं जे वाचलं, त्यावर तो उरलेलं आयुष्य जगला. पुढं इतका वेळ आणि इतकी पुस्तकं त्याला एकत्र कधीच मिळाली नाहीत.

1220 साली या शांत मठात पाच जणांच्या अस्थी आल्या. फ्रान्सिस ऑफ आसिसीनं नुकत्याच उभारलेल्या फ्रान्सिस्कन भिक्षू संघाचे हे पाच बंधू मोरोक्कोत धर्म सांगायला गेले होते आणि मराकेशमध्ये मारले गेले. जाताना ते कोइंब्रावरूनच गेले होते. अनवाणी, ठिगळं लावलेल्या झग्यातली ती माणसं आता हाडांच्या रूपात परत आली. फर्नांदो पंचविशीचा होता. मठात जेवणखाण होतं, ग्रंथ होते, मान होता. ते सगळं त्याला एकाएकी अपुरं वाटू लागलं.

शहराबाहेरच्या ओलिव्हाइस इथं फ्रान्सिस्कनांची लहानशी वस्ती होती. तिथले बंधू भिक्षेसाठी सांता क्रूझच्या दारात यायचे. फर्नांदोनं त्यांच्यापुढे सौदा ठेवला: तुमचा झगा घालतो, पण मला मोरोक्कोला धाडा. त्यांनी मान्य केलं. वस्तीचं देऊळ इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या संत आंतोनीच्या नावाचं होतं, तेच नाव त्यानं घेतलं. (हे दोन आंतोनी वेगळे. डुकरासोबत चितारतात तो म्हातारा इजिप्तचा, त्याचा सण 17 जानेवारीला. आपला आंतोनी 13 जूनचा.)

तो मोरोक्कोला पोचला खरा, पण पोचताच आजारी पडला आणि अख्खा हिवाळा अंथरुणात गेला. ना प्रवचन झालं, ना हौतात्म्य. शेवटी परतीच्या गलबतावर चढला, तर वादळानं गलबत पोर्तुगालऐवजी सिसिलीच्या किनाऱ्याला नेऊन टाकलं. ठरवलेल्या ठिकाणी न पोचणं ही या आयुष्याची रीतच होऊन बसली. संतचरित्रं लिहिणारे त्यात ईश्वरी योजना पाहतात. मला त्यात आधी एक हिरमुसलेला तरुण दिसतो. मरायला निघालेला, आणि तेही न जमलेला.

1221च्या पेंटेकॉस्टच्या सणाला आसिसीत संघाची मोठी सभा भरली. हजारो बंधू जमले. सभा संपली, प्रत्येक प्रांताच्या प्रमुखानं आपापली माणसं निवडली, आंतोनीला मात्र कुणी निवडलं नाही. आजारातून उठलेला परदेशी, ओळख ना पाळख. त्यानं स्वतःच रोमान्या प्रांताचे प्रमुख ग्रात्सियानो यांना विनवलं, मला न्या. त्यांनी त्याला मोंतेपाओलोच्या डोंगरातल्या आश्रमात ठेवलं. तिथं तो एका गुहेत प्रार्थना करायचा आणि उरल्या वेळात भांडी घासायचा, झाडलोट करायचा. कोइंब्राच्या ग्रंथांबद्दल तो अवाक्षर बोलला नसावा, कारण सोबतच्यांना त्याची भांडी घासण्याची हातोटीच तेवढी ठाऊक होती. हे 1232 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात, एका अनाम फ्रान्सिस्कनानं लिहिलेल्या पहिल्या चरित्रात नोंदलंय.

1222 साली फोर्ली गावात दीक्षाविधीसाठी फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन बंधू जमले होते. समारंभाच्या वेळी प्रवचन कुणी करायचं, हे ठरलंच नव्हतं. डॉमिनिकन म्हणजे प्रवचनकारांचा संघ. पण तयारी नसताना कोण बोलणार, म्हणून त्यांनीही अंग काढून घेतलं. मग वरिष्ठांनी आंतोनीकडे बोट केलं: सुचेल ते बोल. तो नाही-नाही म्हणत उभा राहिला, साध्या शब्दांत सुरू झाला आणि बोलता बोलता बायबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे संदर्भ नुसत्या आठवणीतून मांडत गेला. भांडी घासणाऱ्या बंधूला लॅटिन येतं याचाच अचंबा आधी, मग बाकीचं. त्या दिवसापासून त्याला स्वयंपाकघरात कुणी राहू दिलं नाही.

फ्रान्सिसला पांडित्याबद्दल धास्ती होती. पुस्तक आलं की पुस्तकाची मालकी आली, मालकीमागून गर्व आला, असं त्याचं मत. त्याच फ्रान्सिसनं आंतोनीला एक छोटंसं पत्र लिहून बंधूंना धर्मशास्त्र शिकवायची परवानगी दिली. अट एकच, अभ्यासाच्या नादात प्रार्थना विझू देऊ नकोस. बोलोन्यात हे शिक्षण सुरू झालं. पुढं बोनाव्हेंचर, डन्स स्कोटस, ओकहॅमचा विल्यम असे मोठमोठे विद्वान ज्या संघात झाले, त्या संघातल्या अध्यापनाची सुरुवात या चार ओळींच्या पत्रात आहे.

नंतरची वर्षं भटकंतीची. दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिए, तुलूझ, लिमोज. तिकडे चर्चनं पाखंडी ठरवलेला कॅथर पंथ जोरात होता आणि त्याविरुद्ध बोलण्यासाठीच त्याला धाडलं होतं. 1227पासून तो उत्तर इटलीचा प्रांतप्रमुख. त्याच्या नावाच्या बऱ्याच चमत्कारकथा या काळात बसवलेल्या आहेत. रिमिनीत माणसं ऐकेनात म्हणून तो पाण्याकडे तोंड करून माशांशी बोलू लागला आणि मासे ओळीनं डोकी वर काढून ऐकत राहिले. एका पाखंड्याचं तीन दिवस उपाशी ठेवलेलं खेचर चाऱ्याकडे न वळता प्रसादाच्या भाकरीपुढं गुडघे टेकतं झालं. या कथा पुढच्या पिढ्यांनी रंगवत नेल्या. पहिल्या चरित्राला त्यांचा पत्ता नाही. गंमत म्हणजे आज मूर्तीत जे बाळ हमखास दिसतं, तेही जुन्या चित्रांत नाही. आंतोनीच्या खोलीत बाळ येशू प्रकटल्याची कथा चौदाव्या शतकात लिहिली गेली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. मग ते बाळ त्याच्या कडेवर आलं आणि पोर्तुगालच्या पोरींना ओलीस ठेवायला काहीतरी मिळालं.

ज्या शहराच्या नावानं तो ओळखला जातो, त्या पादुआत तो फार थोडा राहिला. त्यातला महत्त्वाचा काळ म्हणजे 1231चा उपवासकाळ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस. तो रोज बोलला. आधी चर्चमध्ये, मग चर्च पुरेनात म्हणून चौकात, मग तेही पुरेना म्हणून गावाबाहेरच्या कुरणात. लोक रात्रीच कंदील घेऊन जागा धरायला निघत. पहिला चरित्रकार तीस हजारांचा आकडा देतो. तो शब्दशः घ्यायचं कारण नाही, पण प्रवचन संपेपर्यंत दुकानं उघडत नसत हे तो सांगतो, ते पटण्यासारखं आहे. झग्याला हात लावायला झुंबड उडे, म्हणून दांडग्या पोरांचं कडं त्याच्याभोवती ठेवावं लागे.

तो बोलत काय होता? त्याचे लॅटिन प्रवचनसंग्रह उपलब्ध आहेत. ते वाचायला जड आहेत, प्रवचनकारांना हाताशी असावेत म्हणून लिहिलेले. पण त्यातला एक राग लपत नाही, तो व्याजखोरांवरचा. पादुआ हे त्या काळी पैशाचं शहर होतं. व्याजाचा धंदा चर्चच्या लेखी पाप आणि व्यवहारात सर्वांच्या सोयीचा, त्यामुळे सगळेच डोळेझाक करत. पुढच्या पिढीतल्या पादुआच्या रेजिनाल्दो स्क्रोवेन्यी या सावकाराला दान्तेनं थेट नरकात बसवलं. त्याचा मुलगा एनरिको यानं बांधलेल्या प्रार्थनामंदिरात जोत्तोनं भित्तिचित्रं काढली. बापाच्या पापाची भरपाई म्हणून ते मंदिर उभं राहिलं, असं गाव म्हणत आलं. या शहरात व्याजाविरुद्ध रोज उभं राहून बोलायला छाती लागत होती.

आणि त्या बोलण्यातून एक कायदा झाला. मार्च 1231मध्ये पादुआच्या नगरसभेनं ठराव केला की ऋणको आपली मालमत्ता धनकोच्या हवाली करायला तयार असेल, तर नुसत्या कर्जापायी त्याला तुरुंगात डांबता येणार नाही. तोवर कर्ज फिटेपर्यंत माणूस कोठडीत सडत असे, आणि कोठडीतल्या माणसाकडून कर्ज फिटणार कसं, हा प्रश्न धनकोलाही पडत नसे. ठरावात स्पष्ट लिहिलंय की हे बंधू आंतोनीच्या विनंतीवरून केलं आहे. माशांच्या सभेपेक्षा हा चमत्कार मला मोठा वाटतो. त्याला तारीख आहे, कागद आहे, आणि त्यामुळे सुटलेली माणसं आहेत.

या विषयावरची कथाही लोकांनी रचलीच. एक कंजूष सावकार मेला. त्याच्या अंत्यविधीत आंतोनी म्हणाला, याचं काळीज याच्या छातीत नाही, तिजोरीत जाऊन पाहा. छाती चिरली तर रिकामी. तिजोरी उघडली तर नाण्यांत काळीज. पंधराव्या शतकाच्या मध्यावर दोनातेल्लोनं पादुआच्या मोठ्या वेदीसाठी जे ब्राँझचे पट ओतले, त्यांत हा प्रसंग आहे. पटावरची गर्दी एका देहावर वाकलेली आहे. त्या बाया-माणसांच्या अंगावरची भीती ब्राँझमध्ये इतकी जिवंत आहे की कथा खरी का खोटी हे विचारायचं राहून जातं.

1231 सालीच तो व्हेरोनाला गेला. एत्सेलिनो दा रोमानो या दांडग्या सरदारानं राजकीय वैरापोटी एका काउंटला आणि त्याच्या साथीदारांना कैदेत टाकलं होतं, त्यांना सोडवायला. पादुआचा इतिहासकार रोलांदिनो स्वच्छ लिहितो की आंतोनीला काही मिळालं नाही. एत्सेलिनोनं ऐकलं नाही आणि तो रिकाम्या हातानं परतला. नंतरच्या भक्तांना हे सोसवलं नाही. त्यांच्या कथेत एत्सेलिनो गळ्यात दोरी अडकवून त्याच्या पायांवर लोळण घेतो.

तोवर शरीर थकलं होतं. अंगात पाणी झालं होतं, श्वास लागायचा. जूनमध्ये तो कांपोसाम्पिएरोला विसाव्यासाठी गेला. तिथं एका अक्रोडाच्या झाडावर त्याच्यासाठी लाकडी खोपट बांधून दिलं होतं. 13 जून, शुक्रवारी दुपारी जेवायला बसताना तो कोसळला. मला पादुआला न्या, म्हणाला. बैलगाडीत घातलं, पण वेशीबाहेरच्या आर्चेल्लात, क्लारा संघाच्या जोगिणींच्या मठाजवळ, प्राण गेला. वय छत्तीसच्या आसपास. इथंही ठरवलेल्या ठिकाणाच्या अलीकडेच थांबणं झालं.

पुढं जे झालं ते वाचताना हसावं की काय करावं कळत नाही. बंधूंनी बातमी दडवायचं ठरवलं, पण गल्लीतली पोरं ‘संत गेला, संत गेला’ असं ओरडत सुटली. आर्चेल्लाच्या जोगिणी म्हणाल्या, देह आमच्याकडे राहील. शेजारच्या कापोदिपोन्तेच्या लोकांनी हत्यारं घेऊन पहारा बसवला. पादुआतल्या सांता मारिया मठाचे फ्रान्सिस्कन म्हणाले, त्याची इच्छा आमच्याकडे यायची होती. बिशपनं फ्रान्सिस्कनांच्या बाजूनं कौल दिला. देह न्यायला नदीवर होड्यांचा पूल बांधला, तर तो लोकांनी तोडून टाकला. अखेर शहराच्या प्रमुखानं मध्ये पडून दंगेखोरांना आवरलं आणि मंगळवारी, 17 जूनला, दफन झालं. त्या मंगळवारामुळे मंगळवार हा आंतोनीचा वार ठरला आणि सलग तेरा मंगळवार धरायची चाल पडली. वसईत किंवा मुंबईत ज्या देवळांत आंतोनीची भक्ती चालते, तिथं मंगळवारी गर्दी का, याचं मूळ तेराव्या शतकातल्या त्या मारामारीत आहे.

वर्ष भरायच्या आत, 30 मे 1232 रोजी, ग्रेगरी नववे यांनी स्पोलेतोमध्ये त्याला संतपद दिलं. चौकशी समितीपुढं आलेले 53 चमत्कार वाचून दाखवले गेले. त्यातले जवळजवळ सगळे मृत्यूनंतर कबरीपाशी घडलेले: लंगडे चालले, आंधळ्यांना दिसलं. त्याच वर्षी मोठ्या बॅसिलिकेचं काम सुरू झालं. पादुआत तिला नुसतं ‘इल सांतो’ म्हणतात, संत. कुठला, हे विचारायची गरज पडत नाही. 1263 साली नव्या वास्तूत अस्थी हलवताना पेटी उघडली. सगळा देह मातीला मिळाला होता, जीभ मात्र ओली आणि लालसर. संघाचे प्रमुख बोनाव्हेंचर हजर होते, त्यांनी ती हातात घेऊन तिची स्तुती केली. ती जीभ आजही काच आणि सोन्याच्या करंड्यात ठेवलेली दिसते, आता काळपट पडलेली. अवशेषपूजेची सवय नसलेल्याला ते दृश्य अंगावर येतं. बोलण्यावर जगलेल्या माणसाची जीभ उरावी, हा संकेत मात्र कुणालाही कळतो.

हरवलेल्या वस्तूंशी त्याचं नातं जोडलं ते एका पुस्तकानं. आंतोनीकडे स्तोत्रांची पोथी होती, समासात स्वतःच्या टिपणांनी भरलेली. छापखाना यायला अजून दोनशे वर्षं होती. पोथी हरवणं म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत हरवणं. मठ सोडून पळालेला एक उमेदवार ती घेऊन गेला. आंतोनीनं प्रार्थना केली आणि त्या पोराला वाटेत असं काही भयंकर दिसलं की तो पोथीसकट परत आला. कथा एवढीच. पण मृत्यूनंतर लवकरच स्पायरच्या जुलियाननं त्याच्या उपासनेसाठी जे लॅटिन गीत रचलं, त्यात मरण, रोग, समुद्र, बेड्या यांच्या जोडीला हरवलेल्या वस्तूही आल्या. गीत युरोपभर गेलं. समुद्र आणि बेड्या मागं पडल्या, हरवलेल्या वस्तू राहिल्या. साहजिक आहे. बेड्या सगळ्यांना पडत नाहीत, चष्मा सगळ्यांचा हरवतो.

10 ऑक्टोबर 1991 रोजी खुद्द आंतोनीच हरवला, निदान अंशतः. बंदुका घेतलेले चोर बॅसिलिकेत शिरले आणि त्याच्या जबड्याचा अवशेष असलेला करंडा उचलून नेला. व्हेनेतो भागातल्या टोळीचा म्होरक्या फेलिचे मानिएरो याचं हे काम होतं, सरकारशी घासाघीस करायला हातात काहीतरी हवं म्हणून. म्हणजे पुन्हा ओलीसच. डिसेंबरमध्ये तो करंडा रोमच्या विमानतळाजवळ सापडला. या दोन महिन्यांत आंतोनीची वस्तू शोधायला लोकांनी कुणाला साकडं घातलं असेल, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

नवसाची परतफेडही या संताच्या बाबतीत ठरलेली आहे, ती म्हणजे पाव. मूल वाचलं तर मुलाच्या वजनाइतका पाव गरिबांना, अशी पादुआतली जुनी रीत. आपल्या तुलादानाची सख्खी बहीण. तिला नवं रूप मिळालं फ्रान्सच्या तुलों शहरात. 1890 साली लुईज बुफिए या दुकानदारीणबाईच्या दुकानाचं कुलूप उघडेना. कुलूपवाला म्हणाला, दार फोडावं लागेल. बाईंनी आंतोनीला गरिबांसाठी पाव कबूल केला आणि म्हटलं, आणखी एकदा प्रयत्न करा. कुलूप उघडलं. दुकानाच्या मागच्या खोलीत मूर्ती आली, पेटी आली, आणि ‘संत आंतोनीचा पाव’ जगभर पसरला. आजही अनेक देवळांत त्याच्या पायाशी गरिबांसाठीची पेटी असते. किल्ली शोधून घेणाऱ्यांच्या पैशातून भुकेल्यांना पाव मिळतो, तेव्हा पादुआच्या कुरणावर सावकारांवर गरजणारा आंतोनी आणि हा घरगुती आंतोनी क्षणभर एकाच ठिकाणी उभे असतात.

पोर्तुगीज त्याला पादुआचा म्हणू देत नाहीत. त्यांच्यासाठी तो लिस्बनचा. शहराचा अधिकृत संरक्षक संत व्हिन्सेंट असला तरी शहराची सुट्टी 13 जूनची. आदल्या रात्री आल्फामाच्या गल्ल्यांत सार्डिन मासे भाजतात, कागदी फूल आणि चारोळी खोचलेली तुळशीच्या जातीची इवली रोपं एकमेकांना देतात. गरीब जोडप्यांची सामुदायिक लग्नं 1958 साली याच संताच्या नावानं सुरू झाली. 1974च्या क्रांतीनंतर ती बंद पडली, 1997पासून पुन्हा लागतात, आता नगरपालिकेच्या पुढाकारानं.

या लाडाला पोर्तुगीजांनी एक वेगळंच वळण दिलं: संताला सैन्यात भरती केलं. 1668 साली लागोसच्या पायदळ पलटणीत आंतोनीचं नाव साधा शिपाई म्हणून लागलं, 1683मध्ये कॅप्टन म्हणून बढती मिळाली. ब्राझीलमध्येही त्याला हुद्दे आणि पगार होते. पगार अर्थात देवळाच्या खर्चाला. गोव्यातही तेच. ओल्ड गोव्याच्या मोंते सांतो टेकडीवर त्याचं जुनं देऊळ आहे. तिथली मूर्ती कॅप्टन समजली जाई आणि वर्षातून एकदा मिरवणुकीनं खजिन्यात पगार घ्यायला जाई. सांगतात की एका गव्हर्नरनं हा पोरखेळ म्हणून बंद केला, तर 13 जूनलाच तो घोड्यावरून पडला. पगार पुन्हा सुरू. शिवोलीच्या देवळातली कथा निराळी. देऊळ बांधताना एक नाग त्रास देत होता. सकाळी पाहतात तर मूर्तीच्या हातातल्या दोरात तो अडकलेला. तिथल्या आंतोनीच्या दोराला आजही साप आहे. पादुआत कुणाला तो आंतोनी ओळखू येणार नाही, शिवोलीकरांना दुसरा नको.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर उभारलेलं देऊळ आंतोनीच्याच नावाचं. छप्पर केव्हाच गेलंय, जमिनीत पोर्तुगीज थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. 1739च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढं वसई पडली आणि किल्ल्यातलं पोर्तुगीजांचं जग संपलं. किल्ल्याबाहेरच्या गावांत मात्र आंतोनी राहिला, लोकांच्या बोलीत.

बोलीवरून आठवलं. आंतोनीचं एक चरित्र आपल्या भाषांत 1655 सालीच गोव्यात छापून झालं. लिहिणारे जेझुइट पाद्री आंतोनियो द साल्दान्या. त्याचं लांबलचक नाव मोठं गोड आहे, ‘पाद्वा म्हळ्ळ्या शारांतुल्या सांतु आंतोनीची जीवित्वकथा’. आत मराठी पद्य आहे, कोकणी गद्यही आहे, आणि छपाई रोमन लिपीत. त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी, 1616 साली, थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण असंच रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. म्हणजे लिस्बनमध्ये जन्मून इटलीत मेलेला लॅटिन पंडित मराठीत आला, तो पुराण सांगायच्या वळणानं. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तो फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून. आंतोनीच्या स्वतःच्या संघाला त्या भाषा नको होत्या आणि त्याची कथा त्या भाषांत लिहून ठेवली ती दुसऱ्या संघाच्या माणसानं.

जानेवारी 1981मध्ये पादुआतली कबर उघडून शास्त्रज्ञांनी सांगाडा तपासला. त्या कवटीवरून 2014 साली संगणकाच्या मदतीनं त्याचा चेहरा उभा केला गेला. तो निघाला रुंद, जाड मानेचा, भरल्या गालांचा. पहिल्या चरित्रकारानं आंतोनी जात्याच स्थूल होता असं लिहून ठेवलंच होतं, फक्त मूर्तिकारांनी ते मनावर घेतलं नव्हतं. बातमीसोबत तो चेहरा जगभर छापून आला. दुकानांत मिळणाऱ्या मूर्ती अजून सडपातळच आहेत, विशीतल्या पोराच्या चेहऱ्याच्या, हातात पांढरी लिली आणि काढता येणारं बाळ.